पुस्तक मिटून अभ्यास: मराठी शाळेतून इंग्रजी हायस्कूलमध्ये गेलेल्या गोव्यातल्या मुलांसाठी

आठवीत विज्ञानाच्या पहिल्या युनिट टेस्टमध्ये मला 20 पैकी 6 गुण मिळाले. तो धडा मी चार वेळा वाचला होता. जवळजवळ प्रत्येक ओळीखाली पिवळी रेघ होती. पेपर हातात आला तेव्हा पानाचा दुमडलेला कोपरा, डावीकडची आकृती, तिच्याखालचा शाईचा डाग, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. उत्तर तेवढं येत नव्हतं.

माझं गाव वाळपईच्या पुढे, सत्तरीत. चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी शाळेत होते, पाचवीपासून कदंब बसने तालुक्याच्या इंग्रजी हायस्कूलमध्ये जायला लागले. गोव्यात कितीतरी मुलं याच वाटेने जातात. पाचवी ते सातवी मी फळ्यावरचं उतरवून आणि पाठ करून कशीबशी निभावली. आठवीत पोर्शन वाढला आणि पाठांतर पुरेना झालं.

त्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मामेभाऊ घरी आला होता. तेव्हा तो फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकत होता. आरती आटोपल्यावर आम्ही वसरीवर, म्हणजे पडवीत, बसलो होतो. त्याने माझं विज्ञानाचं पुस्तक घेतलं, एक धडा मला वाचायला दिला आणि दहा मिनिटांनी ते मिटून आपल्या मांडीवर ठेवलं. म्हणाला, "सांग बघू बाय, काय वाचलंस?" मी दोन वाक्यं बोलले आणि थांबले. तो रागावला नाही, हसलाही नाही. "ही दोन तुझी झाली. बाकीचं अजून पुस्तकाचंच आहे," एवढंच म्हणाला.

पुढे मी जे काही शिकले ते या एका प्रसंगातून निघालं. गेली काही वर्षं शेजारची पाच-सहा मुलं संध्याकाळी आमच्या वसरीवर अभ्यासाला बसतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते. तू आठवीत, नववीत किंवा दहावीत असशील तर यातलं सगळं एकदम करायला जाऊ नकोस. एक पायरी अंगवळणी पडली की पुढची घे.

आधी हे सामान जमव

महागडं काहीच नको. यातलं बरंचसं घरात सापडेल.

- एक जाड रफ वही. मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं शिवून घेतलीस तरी चालेल.
- एक शंभर पानी वही शब्दांसाठी आणि एक चुकांसाठी.
- पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची पुठ्ठ्याची कार्डं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी छान चालतात.
- मिठाईचा एक रिकामा खोका.
- साधं गजराचं घड्याळ. फोनमधलं नको, कारण खाली येईलच.
- चार्जिंगचा दिवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वीज कधी जाईल ते सांगता येत नाही आणि 'लाईट नव्हती' हे कारण पेपरात लिहिता येत नाही.
- आपली पाठ्यपुस्तकं आणि सोबत त्याच विषयांची महाराष्ट्राच्या बालभारतीची मराठी पुस्तकं. ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. ती कशासाठी, ते पाचव्या पायरीत सांगते.

1. आठवडाभर नुसती नोंद ठेव

वेळापत्रक करायची घाई करू नकोस. माझ्याकडे येणारं प्रत्येक मूल पहिल्या दिवशी रंगीत पेनांनी आखलेलं वेळापत्रक घेऊन येतं. त्यात पहाटे पाचला उठायचं असतं, रात्री अकरापर्यंत अभ्यास असतो आणि मध्ये जेवायलाही जागा नसते. असं वेळापत्रक तीन दिवस चालतं. चौथ्या दिवशी ते मोडतं आणि मुलाला वाटतं की आपल्यातच काही कमी आहे.

म्हणून आधी सात दिवस नुसतं लिहून ठेव: किती वाजता उठलीस, बसमध्ये किती वेळ गेला, शाळा कधी सुटली, घरी येऊन काय केलंस, फोनवर किती वेळ गेला, झोपलीस कधी. खोटं लिहू नकोस, ही वही कुणाला दाखवायची नाही. मी लिहिलं तेव्हा कळलं की शाळा सुटल्यावर बसची वाट पाहण्यात माझी रोज चाळीस मिनिटं जात होती आणि संध्याकाळी साडेसात ते साडेआठ घरात टीव्ही चालू असल्यामुळे काहीच होत नव्हतं. पहाटे पाचला मला जाग येत नव्हती, आजही येत नाही. पण सहा ते सात या वेळात डोकं स्वच्छ असायचं. या नोंदीवरून ठरव. बहुतेकांना शाळेच्या दिवशी स्वतःच्या अभ्यासाला दीड ते दोन तासच मिळतात. तेवढे पुरतात, ते खरे असले तर.

2. जागा आणि वेळ एकच ठेव

वेगळी खोली असायलाच हवी असं नाही. वसरीचा एक कोपरा, देवघराशेजारची भिंत, माळ्यावरची जागा, काहीही चालेल. पण रोज तीच जागा आणि तीच वेळ असू दे. लागणारं सगळं सामान तिथेच एका पिशवीत ठेव. पेन्सिल शोधायला उठलेलं मूल वीस मिनिटांनी परत येतं, हे मी रोज बघते.

घरात गडबड फार असेल तर वाचनालय शोध. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी वाचनालयं आहेत. पणजीजवळ राहत असशील तर पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. 1832 साली पोर्तुगीज काळात सुरू झालेली ही संस्था आज मोठ्या इमारतीत आहे. तिथे शांतता मिळते, आणि आपल्याच वयाची मुलं खाली मान घालून बसलेली दिसली की आपलंही मन लागतं.

एका बैठकीत पंचवीस-तीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी, असं घड्याळ लाव. सुट्टीत उठ, पाणी पी, अंगणात फिरून ये.

3. वर्गातल्या तासात कान उघडे ठेव

फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवणं म्हणजे लक्ष देणं नव्हे. मला ते चार वर्षांनी कळलं. माझं अक्षर सुंदर होतं, वही शाळेत दाखवायला ठेवायचे, पण तास संपल्यावर कुणी विचारलं असतं तर मला धड्याचं नावसुद्धा सांगता आलं नसतं.

टीचर शिकवत असताना रफ वहीत चार-पाच शब्दच टाक. समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह कर. तास संपल्यावर, पुढचे सर वर्गात येईपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत, या तासातली महत्त्वाची गोष्ट एका वाक्यात मराठीत लिही. 'झाडं पानांतून पाणी बाहेर सोडतात आणि म्हणून मुळांतून पाणी वर ओढलं जातं.' एवढंच. हे एक वाक्य संध्याकाळी तुझं अर्धं काम वाचवतं.

प्रश्नचिन्हं साठू देऊ नकोस. आठवड्यातून एकदा ती घेऊन शिक्षकांकडे जा. सगळ्यांसमोर इंग्रजीत विचारायची लाज वाटत असेल तर मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी जाऊन मराठीत किंवा कोकणीत विचार. मला असं विचारल्यावर एकाही शिक्षकाने परत पाठवलं नाही. वर्षभर न विचारता मीच बसले होते.

4. पुस्तक मिट आणि आठव

ही पायरी नीट वाच. बाकीच्या सगळ्या सोडल्यास तरी ही सोडू नकोस.

धड्याचा एक भाग, साधारण दीड-दोन पानं, एकदा सावकाश वाच. मग पुस्तक मिटून बाजूला सार. रफ वहीचं कोरं पान घे आणि जे जे आठवतं ते लिही. क्रम चुकू दे, स्पेलिंग चुकू दे, अर्धं मराठीत लिही. आकृती असेल तर न बघता काढ. आठवेनासं झालं की लगेच पुस्तक उघडू नकोस, अजून दोन मिनिटं डोक्याला ताण दे. तो ताण नकोसा वाटतो, उठून जावंसं वाटतं. थांब. अभ्यास त्याच दोन मिनिटांत होत असतो.

त्यानंतर पुस्तक उघड आणि जे राहिलं किंवा चुकलं ते दुसऱ्या रंगाच्या पेनाने भर. आता पान बघ. निळ्या शाईतलं तुझं झालं, लाल शाईतलं अजून पुस्तकाचं आहे. उद्या फक्त लाल शाईवर काम करायचं.

हे माझ्या मामेभावाच्या डोक्यातून आलेलं नाही. 2006 साली अमेरिकेत रॉडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर याचा प्रयोग केला. काहींना एक उतारा चार बैठकींत पुन्हा पुन्हा वाचायला दिला. काहींना पहिल्या बैठकीत वाचायला दिला आणि पुढच्या तीन बैठकींत न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. 'घरी सगळं येत होतं, पेपरात गेलं' असं आपण म्हणतो ना, त्याचं कारण या पाच मिनिटांत आणि एका आठवड्यात आहे. वाचून लगेच सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या घरात याचं उदाहरण दरवर्षी बघायला मिळतं. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला, काय काय बांधतात ते कुठल्याही खेडेगावातल्या सहावीतल्या मुलाला विचार. कवंडाळ, तोरिंगण, आंबाडे, चिबूड, सुपारीचं शिपटं, धडाधड नावं सांगेल. ही यादी त्याने कधी पुस्तकातून पाठ केलेली नसते. आजोबांबरोबर रानात जाऊन, 'हे काय रे?' या प्रश्नाला प्रत्येक वेळी उत्तर देऊन ती त्याच्या डोक्यात बसलेली असते.

यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा हायलायटरचा. 2013 साली डनलोस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. रेघा मारणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर वाटून करणं या दोन सगळ्यांत वर आल्या. रेघ मारायचीच असेल तर आठवून लिहून झाल्यावर, जे चुकलं त्याखाली मार.

दुसरा खड्डा गाईडचा. तयार उत्तर समोर असलं की डोकं ताण घेतच नाही. गाईड वापर, पण उत्तर तपासायला.

तिसरा जरा नाजूक आहे. पहिल्या आठ-दहा दिवसांत या पद्धतीने फार वाईट वाटतं. पानावर चारच ओळी येतात आणि बाजूची मैत्रीण तोवर तिसरा धडा वाचून संपवते. माझ्याकडे येणारी एक मुलगी तिसऱ्या दिवशी रडली होती. तिला मी तिचं पहिल्या दिवसाचं पान दाखवलं. त्यावर निळ्या पाच ओळी होत्या, तिसऱ्या दिवशी अकरा. अशी पानं तारीख घालून ठेवून दे.

5. इंग्रजीची भिंत

मराठी शाळेतून आलेल्या मुलाला दोन ओझी एकदम उचलावी लागतात, विषयाचं आणि भाषेचं. दोन्ही एकाच वेळी उचलायला गेलं की मूल पाठांतराकडे वळतं, कारण अर्थ न कळताही पाठ करता येतं. ही दोन ओझी वेगळी कर.

आधी विषय मराठीत समजून घे. बालभारतीची पुस्तकं त्यासाठीच. धडे तंतोतंत तेच नसतील, पण संकल्पना त्याच असतात. अनुक्रमणिकेत शोधायचं असेल तर मराठी शब्द माहीत हवेत: फोटोसिन्थेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण, इनर्शिया म्हणजे जडत्व, फ्रिक्शन म्हणजे घर्षण, रिफ्रॅक्शन म्हणजे प्रकाशाचं अपवर्तन, न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, एलसीएम म्हणजे लसावि. शब्दांची शंभर पानी वही इथे उघड. तीन रकाने कर: इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि स्वतः बनवलेलं एक छोटं इंग्रजी वाक्य. रोज पाच शब्द पुरे.

अपवर्तनाचंच बघू. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उभं राहून खाली पाहिलं की तळाचे दगड हात घालून उचलता येतील इतके वर दिसतात. पाय टाकला की पाणी मांडीपर्यंत येतं. हे आपण लहानपणापासून बघतो. दगडावरून निघालेला प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, म्हणून दगड वर उचलल्यासारखा दिसतो. हे स्वतःच्या शब्दांत मराठीत कुणाला तरी सांग, धाकट्या भावाला सांग, आईला सांग. सांगता आलं म्हणजे पहिलं ओझं उतरलं.

आता इंग्रजी उत्तराचा सांगाडा लिही, फक्त चार-पाच शब्द: 'डेन्सर', 'रेअरर', 'बेंड्स', 'अवे फ्रॉम द नॉर्मल'. हे शब्द हलवायचे नाहीत, गुण त्यांनाच असतात. मधली वाक्यं साधी आणि छोटी तुझी तू जोड. पुस्तकातलं तीन ओळींचं लांबलचक वाक्य जसंच्या तसं आणायला गेलीस की मधला एक शब्द निसटतो आणि सगळं उत्तर कोसळतं.

प्रश्नपत्रिकेतली क्रियापदं वेगळी शिक. इथे हुशार मुलांचेही गुण जातात. 'डिफाइन' म्हटलं की व्याख्या हवी, एक-दोन वाक्यांत. 'स्टेट' म्हटलं की नियम किंवा मुद्दा नुसता सांगायचा, स्पष्टीकरण नको. 'एक्सप्लेन' असेल तर कसं आणि का, दोन्ही. 'गिव्ह रीझन्स' म्हणजे कारणच हवं, माहिती नको. 'डिस्टिंग्विश बिटवीन' म्हणजे समोरासमोर दोन रकाने आणि प्रत्येक मुद्द्याला त्याचा जोडीदार. मी आठवीत 'गिव्ह रीझन्स'च्या प्रत्येक प्रश्नाखाली व्याख्या लिहून आले होते. उत्तरं बरोबर होती, प्रश्न वेगळे होते.

हिशोब मात्र मनात मराठीतच करत राहा. 'बे एके बे' हा वेग लहानपणी कमावलेला आहे, तो टाकून 'टू वन्स आर टू'च्या मागे लागू नकोस. कागदावर आकडे येतात, पाढ्याची भाषा तिथे कुणी बघत नाही.

6. उजळणी दिवसांवर वाट

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते 1885 साली छापले. तासाभरात निम्म्याहून जास्त विसरलं जातं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो, हे त्याने मोजून दाखवलं. धड्याला अर्थ असतो, त्यामुळे तो इतक्या लवकर उडत नाही, पण उतरण तीच असते. विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा आठवलं की ती उतरण सौम्य होते.

यासाठी तो मिठाईचा खोका. 1972 साली सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने ही पद्धत लोकांपुढे मांडली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. खोक्यात पुठ्ठा लावून तीन कप्पे कर. पहिल्या कप्प्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की परत पहिल्यात. बसची वाट पाहण्यातली माझी ती चाळीस मिनिटं मी याच कार्डांवर लावली. इतिहासातली वर्षं, सूत्रं, रासायनिक संज्ञा, मराठी व्याकरणातले समास, हे सगळं कार्डावर बसतं. लांब उत्तरं बसत नाहीत, त्यांना चौथी पायरीच हवी.

गोव्यात आता एक नवीन गोष्ट लक्षात ठेवायला हवी. 2025 मध्ये सहावी ते दहावीचं नवं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालं. एप्रिलमध्ये धडे शिकवले जातात, मग मेची सुट्टी येते आणि जूनमध्ये शाळा उघडली की सगळं पुसलेलं असतं. मेमध्ये रोज दोन तास बसायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, एप्रिलमधल्या धड्यांची पानं आठवून लिही. बाकी वेळ आंबे-काजू, मामाचं घर, पोहणं, खुशाल कर.

7. गणिताला वेगळा न्याय

सोडवलेलं उदाहरण वाचणं म्हणजे दुसऱ्याला पोहताना बघणं. झाकून सोडव. अडलं तर एकच ओळ बघ आणि पुन्हा झाक.

एकाच प्रकारची पंधरा उदाहरणं सलग सोडवू नकोस. तिसऱ्यानंतर हात आपोआप चालतो, डोकं थांबतं. परीक्षेत 'हे कुठल्या धड्याचं आहे' हे कुणी सांगत नाही, ते ओळखणं हीच अर्धी लढाई असते. रविवारी चार वेगवेगळ्या धड्यांतली दोन-दोन उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून उचल आणि येईल ते सोडव.

चुकांच्या वहीत प्रत्येक चुकलेलं उदाहरण उतरव आणि खाली चूक कुठली ते लिही: चिन्ह चुकलं, सूत्र विसरलं, प्रश्न कळला नाही, घाई झाली. महिन्याने मोज. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात एकवीस चुका होत्या आणि त्यातल्या बारा वजा चिन्हाच्या. मी गणितात कच्ची नव्हते, कंस सोडवताना वजा चिन्ह आत न्यायला विसरत होते. एवढं कळायला मला आठवी उजाडावी लागली.

8. फोन

दुसऱ्या खोलीत ठेव. उलटा करून टेबलावर नको, आवाज बंद करून खिशात नको. आईकडे दे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या काय आणायचंय' हे बघायला रात्री जेवणानंतर दहा मिनिटं पुरतात. व्हिडिओ बघून धडा समजून घेणार असशील तर व्हिडिओ संपल्यावर फोन ठेव आणि चौथी पायरी कर. नाहीतर तेही नुसतं वाचनच.

9. चवथ, नरकासुर, शिगमो आणि गावची जत्रा

गोव्यात सणांच्या दिवसांत अभ्यास होत नाही, आणि होऊ नये असं माझं प्रामाणिक मत आहे. माटोळी बांधताना, आरत्यांना फिरताना, नरकासुर करायला मित्रांबरोबर रात्र जागवताना जे मिळतं ते पुन्हा त्या वयात मिळत नाही. गावच्या नाटकात काम मिळालं तर जरूर कर. संवाद पाठ होतात ते तालमीत रोज पुस्तकाशिवाय म्हटल्यामुळेच, तेही अभ्यासाच्या उपयोगाचं शिक्षण आहे.

पण ते कॅलेंडरवर आधीच मांड. कालनिर्णय घे, सण, जत्रा, घरची लग्नं आणि टेस्टच्या तारखा वेगवेगळ्या खुणांनी दाखव. सणाचे दिवस 'अभ्यास नाही' असे स्पष्ट लिही आणि त्याआधीच्या आठवड्यात रोज वीस मिनिटं जास्त बस. सणाच्या दिवसांत फक्त कार्डांचा खोका, सकाळी दहा मिनिटं, म्हणजे सवयीचा धागा तुटत नाही. चवथीच्या सुट्टीनंतर लगेच टेस्ट असते आणि दरवर्षी मुलं दचकतात, जणू चवथ अचानक आली.

10. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस

या दिवसांत नवीन काही वाचू नकोस. जुन्या प्रश्नपत्रिका घे, घड्याळ लाव आणि खऱ्या परीक्षेसारखी पूर्ण वेळ बसून सोडव. घरी कधीच सलग बसून न लिहिलेल्या मुलाचा हात पेपराच्या शेवटी दुखतो आणि शेवटचे प्रश्न सुटतात. आठवड्यात निदान दोन पेपर असे लिही. तपासायला मैत्रिणीशी अदलाबदल कर, दुसऱ्याचं उत्तर तपासताना आपलं काय राहतं ते कळतं.

झोप कमी करू नकोस. 13 ते 18 वयाच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी असं अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये सांगितलं. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. आदल्या रात्री दोनपर्यंत जागून वाचलेला धडा सकाळी दहाला सापडत नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

आदल्या संध्याकाळी हे एका पिशवीत भर: प्रवेशपत्र, शाळेचं ओळखपत्र, दोन पेनं, पेन्सिल, पट्टी, कंपास, पाण्याची बाटली, घड्याळ. बसने जाणार असशील तर एक बस आधीची पकड.

आईबाबांशी एवढं बोल

घरच्यांना वाटतं, पुस्तक उघडं असलं की अभ्यास चालू आहे आणि मूल कोऱ्या पानाकडे बघत बसलं की वेळ घालवतंय. माझ्या आईला तसंच वाटायचं. तिला एक दिवस मी पुस्तक दिलं आणि म्हटलं, "तू विचार, मी सांगते." आईला इंग्रजी येत नव्हतं. तिने आकृतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय?" मी मराठीत सांगितलं. "मग ते रक्त परत कुठे जातं?" या दुसऱ्या प्रश्नाला मी अडले. भाजी चिरता चिरता तिने रोज पंधरा मिनिटं असे प्रश्न विचारले आणि दहावीपर्यंत विचारले. ट्यूशनची फी भरण्याआधी घरात असं कुणी आहे का ते बघ. आजी असेल, आजोबा असतील. त्यांना विषय यायला हवा असं नाही, 'मग पुढे काय?' एवढं विचारता आलं तरी पुरे.